रुग्णालयाच्या जागेवर टॉवर येतोय. हरकत कुठे आणि कशी घ्यायची?

वाचकाचं पत्र : आमच्या कॉलनीला लागून एका धर्मादाय ट्रस्टचं जुनं रुग्णालय आहे. एकूण जागा तीन एकरांच्या आसपास. पुढच्या बाजूला दवाखान्याची इमारत. मागे नर्सेसची बंद पडलेली क्वार्टर्स, मोकळं मैदान आणि वड-चिंचेची मोठी झाडं. गेल्या आठवड्यात स्थानिक दैनिकात एका वकिलांची नोटीस आली. मागची दीड एकर जागा एक विकसक घेत आहे, कोणाची हरकत असल्यास १४ दिवसांत कळवावी, असा मजकूर होता. आम्ही कृती समिती स्थापन केली, नऊशे सह्या जमवल्या, पुढच्या आठवड्यात मोर्चा आहे. कोणी म्हणतं थेट हायकोर्टात जा, कोणी म्हणतं नगरसेवकाला धरा. विश्वस्त म्हणतात, 'आमची जागा आहे, पैसे नव्या हृदयरोग विभागाला लागणार आहेत, तुमचा संबंध काय?' आम्ही नेमकं काय करावं?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर :

नमस्कार बाई,

'आमची जागा' हे विश्वस्तांचं म्हणणं कायद्यात बसत नाही. सार्वजनिक ट्रस्टची मिळकत विश्वस्तांच्या मालकीची नसते. ट्रस्टच्या उद्देशासाठी, म्हणजे इथे रुग्णांसाठी, ती त्यांच्या ताब्यात असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय अशा मिळकतीची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस वैध ठरत नाही. बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असली तरी हीच परवानगी लागते. ट्रस्ट डीडमध्ये (ट्रस्टच्या स्थापनेच्या दस्तात) विश्वस्तांना विक्रीचे सर्वाधिकार दिलेले असले तरी यातून सुटका नाही.

मात्र 'तुमचा संबंध काय' हा त्यांचा दुसरा प्रश्न तुम्ही गांभीर्याने घ्या, कारण अशी बहुतेक प्रकरणं तिथेच ढेपाळतात. त्याकडे येतोच, पण आधी त्या १४ दिवसांचं बघू.

तुम्ही वाचलेली नोटीस सरकारी नाही. ती खरेदीदाराच्या वकिलाने जागेचं टायटल (मालकीहक्क) तपासताना दिलेली खासगी जाहीर नोटीस आहे. अशा व्यवहारात वर्तमानपत्रात तीन वेगवेगळ्या नोटिसा येऊ शकतात. एक ही, वकिलाची. दुसरी, विक्रीसाठी सीलबंद देकार (बोली) मागवणारी ट्रस्टची जाहिरात किंवा कलम ३६ च्या अर्जावर हरकती मागवणारी सूचना. तिसरी, जागेचा झोन, म्हणजे विकास आराखड्यात ठरलेला वापर, बदलायचा असेल तर महापालिकेची किंवा नगरविकास विभागाची. पहिलीची मुदत चुकली म्हणून तुमचा कायदेशीर हक्क जात नाही. दुसरी-तिसरीची चुकली तर मोठं नुकसान होतं. तेव्हा आजपासून समितीतल्या एका व्यक्तीला एकच काम द्या : दोन-तीन स्थानिक दैनिकांतल्या जाहीर नोटिसांचं पान रोज वाचायचं आणि त्यात गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर शोधायचा. या नोटिसांत रुग्णालयाचं नाव कित्येकदा नसतं, नुसता सर्व्हे नंबर असतो.

तरीही वकिलाच्या नोटिशीला उत्तर द्याच, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. चार ओळी पुरतात : जागा सार्वजनिक ट्रस्टची आहे, कलम ३६ ची पूर्वपरवानगी झाल्याचं आमच्या पाहण्यात नाही, आम्ही त्या अर्जाला विरोध करणार आहोत, ही बाब आपल्या अशिलाच्या निदर्शनास आणावी. याचा उपयोग पुढे होतो. २०१७ च्या दुरुस्तीने अपवादात्मक परिस्थितीत व्यवहारानंतरही परवानगी देण्याची तरतूद आली आणि तिथे 'प्रामाणिक खरेदीदाराची अडचण' हे एक कारण पुढे करता येतं. हरकतीचं पत्र हातात असताना घेणाऱ्याला 'आम्हाला काही माहीतच नव्हतं' असं म्हणता येत नाही.

हरकत कोणाच्या नावाने?

धर्मादाय कार्यालयात शेजारी म्हणून तुम्हाला कोणी उभं करत नाही. कायद्याच्या कलम २(१०) मध्ये 'हितसंबंधी व्यक्ती' कोण ते दिलं आहे. ट्रस्ट संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी म्हणूनही नोंदलेला असेल, तर तिचा कोणताही सभासद हितसंबंधी. बाकीच्या सार्वजनिक ट्रस्टमध्ये विश्वस्त किंवा लाभार्थी. रुग्णालयाचा लाभार्थी म्हणजे तिथे उपचार घेणारा रुग्ण. त्यामुळे तुमच्या नऊशे सह्यांपेक्षा चार-पाच माणसं जास्त मोलाची आहेत : तिथे डायलिसिस घेणारा एखादा रुग्ण, निर्धन रुग्णांसाठीच्या खाटेवर उपचार झालेल्या कुटुंबातली व्यक्ती, सोसायटीचा जुना सभासद. जमीन देणाऱ्या दात्याचे वारस सापडले तर त्यांचं प्रतिज्ञापत्रही मोलाचं, कारण जमीन कशासाठी दिली ते त्यांना सांगता येतं. प्रत्येकाकडून केसपेपर, बिल किंवा डिस्चार्ज कार्डाची प्रत घ्या.

अर्ज कृती समितीच्या नावाने करू नका. नोंदणी नसलेल्या समितीला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नसतं आणि समोरचा वकील पहिला आक्षेप तोच घेतो. अर्ज व्यक्तींच्या नावाने, प्रत्येकाच्या प्रतिज्ञापत्रासह. समितीने मागचं काम करावं : कागद जमवणं, टंकलेखन, वकिलाची फी गोळा करणं.

कागद

आधी धर्मादाय कार्यालयाची फाइल. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक दवाखान्याच्या पावतीवर असतो. रुग्णालयांचा बहुधा 'ई' ने सुरू होतो, सोसायटी असेल तर 'एफ' ने. त्यावरून परिशिष्ट १ चा उतारा मागा. त्यात विश्वस्तांची नावं आणि स्थावर मिळकती नोंदलेल्या असतात. दोन गोष्टी तपासा. विकायला काढलेली जागा तिथे नोंदली आहे का? आणि विक्रीच्या ठरावावर सह्या करणारे सगळे या उताऱ्यावर विश्वस्त म्हणून आहेत का? विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट द्यावा लागतो आणि तो मंजूर व्हावा लागतो. तो प्रलंबित किंवा वादात असताना नव्या मंडळींनी केलेला ठराव हा हरकतीचा भक्कम मुद्दा आहे.

चेंज रिपोर्टची फाइल आणखी एका कारणाने पाहायची. कधी कधी जमीन विकली जातच नाही. वर्ष-दोन वर्षांत जुने विश्वस्त एकेक करून राजीनामे देतात आणि विकसकाच्या जवळची माणसं त्यांच्या जागी येतात. मग विक्रीची घाई कोणालाच राहत नाही. गेल्या पाच वर्षांतले बदल एका कागदावर तारखांनिशी मांडले की असा प्रकार असल्यास लगेच दिसतो. विश्वस्त आणि खरेदीदार कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) यांच्यात समान नावं आहेत का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधा.

मग पाच वर्षांचे हिशेब. परिशिष्ट ८ म्हणजे ताळेबंद, परिशिष्ट ९ म्हणजे उत्पन्न-खर्च. ताळेबंदाच्या देणी बाजूकडे नीट पाहा. 'आगाऊ रक्कम', 'अनामत', 'इतर देणी' अशा नावाखाली अचानक मोठा आकडा आलेला असेल आणि तो रुग्णांच्या अनामतीशी जुळत नसेल, तर परवानगीआधीच विकसकाकडून पैसे घेतले गेल्याची शक्यता असते. मालमत्तेच्या बाजूला मुदतठेवी किती आहेत तेही पाहा. कोट्यवधींच्या ठेवी पडून असताना 'पैशांअभावी जागा विकावी लागते' हे म्हणणं टिकत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. लांबलचक एकच अर्ज केला की तो परत येतो आणि महिना वाया जातो. धर्मादाय कार्यालयाला एक अर्ज, महापालिकेच्या नगररचना विभागाला एक, जिल्हाधिकारी कार्यालयाला एक. प्रतींसोबत 'अभिलेखाची पाहणी'ही मागा. फाइल समोर ठेवून वाचताना जे सापडतं, ते मागितलेल्या प्रतींमध्ये नसतं.

दुसरी फाइल जमिनीची, आणि आमच्या मते तुमच्या प्रकरणाचा निकाल बराचसा इथे आहे. रुग्णालय जुनं आहे म्हणजे जमीन तीन-चार मार्गांनी आलेली असू शकते : कोणी दान दिली, सरकारने दिली, सरकारने संपादित करून दिली किंवा ट्रस्टने बाजारभावाने विकत घेतली. सातबारा, मालमत्ता पत्रक आणि त्यावरचे जुने फेरफार नगर भूमापन आणि तलाठी कार्यालयातून काढा. मालमत्ता पत्रकावर 'सत्ताप्रकार' हा रकाना असतो, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग. वर्ग-२ (सरकारी अटींवर धारण केलेली जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरणच होत नाही. सरकारी जमीन रुग्णालयासाठी दिलेली असेल तर मूळ आदेशात वापराची अट जवळपास नेहमीच असते. अट मोडली की शर्तभंग. दान असेल तर मूळ बक्षीसपत्र दुय्यम निबंधकांकडे शोधा. तिथे 'रुग्णालयाच्या कार्यासाठीच' किंवा 'तसा वापर न झाल्यास परत' असं एखादं वाक्य असेल, तर सगळ्या हरकतीचा पाया तोच. फेरफार नोंदीतला एकोळी गोषवारा पुरेसा मानू नका. अटी मूळ आदेशात किंवा दस्तात असतात.

किमतीतली मेख

रुग्णालयाची जागा विकास आराखड्यात बहुधा सार्वजनिक-निमसार्वजनिक विभागात असते किंवा तिच्यावर रुग्णालयाचं आरक्षण, नाहीतर विद्यमान रुग्णालय म्हणून नोंद असते. ट्रस्टचा मूल्यनिर्धारक हाच वापर धरून भाव काढतो : 'वापरावर बंधन आहे, म्हणून किंमत कमी.' विक्रीला मंजुरी मिळते. पुढे खरेदीदार झोन निवासी करून घेतो, आणि बंधन उठल्यावर वाढलेला सगळा भाव खरेदीदाराच्या खिशात जातो, रुग्णांच्या नाही.

अंदाज यावा म्हणून तुमचीच जागा घेऊ. दीड एकर म्हणजे साधारण ६,००० चौरस मीटर. मुंबई आणि काही वगळलेले भाग सोडून राज्यात २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत शहरांतल्या निवासी वापराला मूळ एफएसआय (जागेच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) बहुतेक ठिकाणी १.१ आहे. म्हणजे ६,६०० चौरस मीटर. त्यावर निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी एफएसआय अधिमूल्य भरून मिळतो, की झाले १०,५६० चौरस मीटर. याच्यावर प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क). तो किती चढतो ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. मूल्यांकन अहवालात यातला कोणता आकडा धरला आहे ते शोधा. अहवाल फक्त रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) दरावर उभा असेल तर तेही लिहा. रेडी रेकनर मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. बाजारात जागेला काय मिळेल याचं ते उत्तर नव्हे.

तुमच्या बाजूने दुसऱ्या सरकारमान्य मूल्यनिर्धारकाचा अहवाल घ्या, 'सध्याचा वापर धरून' आणि 'निवासी वापर धरून' असे दोन्ही आकडे मागा. समितीचे पैसे खर्च करायला यापेक्षा चांगली जागा नाही. विक्री खासगी वाटाघाटीने ठरली असेल तर त्यावरही हरकत घ्या. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली चेंचू रामी रेड्डी प्रकरणात धर्मादाय संस्थेची जमीन खासगी वाटाघाटीने विकण्यावर कडक टीका करून जाहीर लिलावाची गरज सांगितली होती. प्रकरण आंध्र प्रदेशातलं असलं तरी वकील ते इथे वापरू शकतात.

हरकतीत काय लिहायचं

धर्मादाय आयुक्त तीन गोष्टी पाहतात : ट्रस्टचं हित, लाभ आणि संरक्षण. 'आमच्या बाल्कनीतून डोंगर दिसणार नाही', 'कॉलनीत बाहेरची माणसं येतील', 'आमच्या फ्लॅटचे भाव पडतील' यांतलं काहीही लिहू नका. उलट त्यामुळे तुमचा विरोध स्वार्थाचा आहे, असं दाखवायला समोरच्याला आयतं साधन मिळतं. वाहतूक, पाणी, सांडपाणी हे मुद्दे खरे आहेत, पण त्यांची जागा महापालिका आहे, हे कार्यालय नाही.

नियम २४ प्रमाणे विक्रीच्या अर्जात ट्रस्टला काही गोष्टी सांगाव्याच लागतात : ट्रस्ट डीडमध्ये विक्रीबद्दल काय सूचना आहेत, विक्रीची गरज काय, ती ट्रस्टच्या हिताची कशी, सोबत शक्यतो तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल. तुमची हरकत याच क्रमाने मुद्देसूद लिहा. गरजेच्या मुद्द्यावर विचारा : हृदयरोग विभागाचा आराखडा, यंत्रसामग्रीचं अंदाजपत्रक, डॉक्टर-परिचारिकांच्या पगाराची वार्षिक तरतूद कुठे आहे? कॅथलॅब (हृदयाच्या तपासणी-उपचारांचा यंत्रकक्ष) विकत घेणं एक आणि ती चालवणं दुसरं. ठरावात फक्त 'रुग्णालयाच्या विस्तारासाठी' एवढंच असेल तर ते उद्धृत करा.

त्यानंतर उरलेल्या रुग्णालयाचा मुद्दा घ्या. रहिवासी तो नेहमी विसरतात, आणि तांत्रिकदृष्ट्या तो सगळ्यात पक्का असतो. रुग्णालयाच्या इमारतीचा मंजूर नकाशा पूर्ण तीन एकरांवर झालेला असणार. एफएसआय, समासातील अंतरं (इमारतीभोवती सोडलेली जागा), पार्किंग, मोकळी जागा हे सगळं पूर्ण भूखंडावर मोजलेलं. मागचा दीड एकर तोडला की पुढच्या तुकड्यावर आजची इमारत नियमात बसते का? रुग्णालय म्हणून जादा एफएसआय घेतला असेल तर त्याच्या अटी काय होत्या? अग्निशमनाची गाडी इमारतीला वळसा घालून जाते ती वाट विकल्या जाणाऱ्या भागातून तर जात नाही? नगररचना विभागातून मंजूर नकाशाची प्रत घ्या आणि तिच्यावर विक्रीची हद्द लाल पेनाने आखा.

मागच्या अंगणात काय काय आहे तेही प्रत्यक्ष पाहा. द्रव ऑक्सिजनची टाकी, जनरेटर, सांडपाणी प्रक्रिया संयंत्र, जैववैद्यकीय कचरा गोळा करण्याची खोली, शवागाराचं दार : जुन्या रुग्णालयांत हे सगळं मागच्याच बाजूला असतं. ऑक्सिजनच्या टाकीला इमारतींपासून ठरावीक सुरक्षित अंतर ठेवावं लागतं, टँकर वळायला जागा लागते. ही व्यवस्था हलवायचा खर्च विक्रीच्या हिशेबात धरला आहे का? नसेल तर हातात पडणारी रक्कम दाखवली आहे तेवढी नाही, हे साध्या वजाबाकीने दाखवता येतं.

निर्धन रुग्णांच्या खाटांचं काय होणार, हेही विचारा. कलम ४१अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, योजनेत येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. तुमचं रुग्णालय या यादीत असेल, तर गेल्या तीन वर्षांत या खाटांवर किती रुग्ण घेतले याची माहिती मागा. जागेच्या विक्रीनंतर एकूण खाटा घटल्या तर याही घटतील, हा थेट लाभार्थींचा मुद्दा झाला.

अर्ज सह धर्मादाय आयुक्तांकडे, कलम ३६ च्या प्रकरण क्रमांकासह, 'आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश करू नये' अशा स्पष्ट विनंतीने द्या. प्रत्येक पानावर सही, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का. तारीख पडली की हजर राहा. हरकतदार गैरहजर असेल तर हरकत कागदावरच राहते. परवानगीआधीच झाडतोड, क्वार्टर्स पाडणं, कुंपण असं काही सुरू झालं, तर कलम ४१ई खाली किमान दोन हितसंबंधी व्यक्तींनी प्रतिज्ञापत्रासह मनाईचा अर्ज करायचा. तारीख दिसेल असे फोटो लागतील, म्हणून आजची स्थिती आत्ताच टिपून ठेवा.

थेट हायकोर्टाचं म्हणाल, तर परवानगीचा निर्णय व्हायचा असताना तिथे बहुधा 'आधी आयुक्तांकडे जा' असंच ऐकावं लागेल. तो पैसा पुढच्या टप्प्यासाठी राखा.

महापालिकेची आघाडी

बांधकाम परवानगीच्या टप्प्यावर शेजाऱ्यांना हरकतीची अशी औपचारिक पायरीच नाही, आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालचं कलम ४७ चं अपील फक्त परवानगी मागणाऱ्यासाठी आहे. त्यामुळे संधी त्याआधी साधायची. झोन बदलायला कलम ३७ ची प्रक्रिया लागते. तिथे एक महिन्यात हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. इथे मात्र संख्या कामाला येते. नऊशे सह्यांचं एक पत्र ही एकच हरकत म्हणून नोंदली जाण्याची शक्यता असते. म्हणून स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र आवक क्रमांक आणि मजकूर शक्यतो आपापल्या शब्दांत. वाहतूक, पाण्याचा दाब, नाला, परिसरात रुग्णालयासाठी दुसरी जागा नसणं हे सगळे मुद्दे आता इथे मांडा. परवानगी खोट्या माहितीवर घेतली गेल्याचं दिसलं, तर महापालिका कायद्याच्या कलम २५८ खाली ती रद्द करण्याची मागणी करता येते.

झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाची झाडं हेरिटेज वृक्ष ठरतात. वड-चिंचांचा घेर मोजून, क्रमांक घालून, नकाशावर जागा दाखवून यादी वृक्ष अधिकाऱ्याला आत्ताच द्या. तोडीचा अर्ज येईल तेव्हा 'तिथे फक्त झुडपं होती' असं लिहिता येणार नाही. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त झालं तर पर्यावरण मंजुरी लागते. इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, पण अर्जाची कागदपत्रं केंद्राच्या परिवेश पोर्टलवर दिसतात आणि मंजुरीला ३० दिवसांत हरित न्यायाधिकरणात आव्हान देता येतं.

मोर्चा

काढायचा तर काढा, पण रुग्णालयाच्या दारात नको. रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. तसा असेल तर लाउडस्पीकर लावला की गुन्हा तुमच्यावर, आणि त्रास आतल्या रुग्णांना, ज्यांच्यासाठी आपण भांडतोय. महापालिकेसमोर किंवा धर्मादाय कार्यालयाच्या बाहेर, पोलिसांची लेखी परवानगी घेऊन जमा. विश्वस्तांनी पैसे खाल्ले असं व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा फलकावर लिहू नका. पुरावा नसताना केलेला आरोप म्हणजे मानहानीच्या नोटिशीला निमंत्रण, आणि अशी एक नोटीस आली की समितीतली निम्मी माणसं गळतात. नगरसेवकांना जरूर भेटा, पण मागणी नेमकी हवी : 'झोनबदलाचा प्रस्ताव आला तर सभागृहात विरोध करा.'

विक्री खरंच गरजेची असेल तर

फाइल वाचल्यावर कदाचित दिसेल की रुग्णालय खरोखर तोट्यात आहे, इमारत धोकादायक आहे, मागची जागा वर्षानुवर्षं पडून आहे आणि विकसकाशी कोणाचे लागेबांधे नाहीत. तसं असेल तर सरसकट विरोध करू नका. बंद पडलेलं रुग्णालय आणि शाबूत मैदान यातून कोणाचंच भलं होत नाही. आयुक्तांना परवानगीला अटी घालण्याचा अधिकार आहे, आणि नीट मागितलेल्या अटी पूर्ण विरोधापेक्षा जास्त पदरात पाडून देतात. हरकत अर्जातच पर्यायी विनंती म्हणून लिहा : देकार सीलबंद मागवून कार्यालयात सर्वांसमक्ष उघडावेत; रक्कम स्वतंत्र मुदतठेवीत राहावी आणि बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे, कार्यालयाला कळवूनच काढली जावी; पुढे झोन बदलला तर वाढीव किमतीतला ठरलेला वाटा ट्रस्टला मिळावा आणि ही अट खरेदीखतात उतरावी; काम चालू असताना खाटा कमी होऊ नयेत; रुग्णवाहिकेची आणि अग्निशमनाची वाट कायम खुली राहील अशी नोंद मालमत्ता पत्रकावर व्हावी. यातली वाढीव किमतीची अट सोडू नका. ती घातली की फक्त झोनबदलावर डोळा ठेवून आलेला खरेदीदार बहुधा स्वतःहून मागे सरतो.

परवानगी झालीच तर त्याच दिवशी आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. पुढे जिथे मुदत असेल तिथे ती बहुधा आदेशाच्या तारखेपासून चालते, आणि प्रत मिळायला लागलेला वेळ वजा व्हायचा तर तुमच्या अर्जाची तारीख नोंदलेली हवी. फसवणूक करून, चुकीची माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून परवानगी घेतल्याचं दाखवता आलं, तर कलम ३६(२) खाली आयुक्त ती रद्द करू शकतात आणि जागा परत मिळवण्यासाठी १८० दिवसांच्या आत पावलं उचलण्याचा आदेश विश्वस्तांना देऊ शकतात. दानपत्रातली लपवलेली अट, न दाखवलेला आगाऊ पैसा, विश्वस्ताचं खरेदीदाराशी नातं यासाठीच शोधायचं. प्रकल्पाची महारेराकडे (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे) नोंदणी झाली की त्या पानावर टायटल अहवाल आणि प्रलंबित दाव्यांची माहिती तपासा. तुमचं प्रकरण तिथे नसेल तर महारेराला लेखी कळवा, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यांनाही ते कळेल.

आणि विक्री अटींसह झाली, तर पुढची तीन-चार वर्षं दर वर्षी ट्रस्टचं परिशिष्ट ८ काढत राहा. विक्रीची रक्कम मुदतठेवीत दिसते का, तिच्यातून काय बांधलं, ठेव कमी झाली तेवढी इमारत नि यंत्रं वाढली का, एवढंच ताडायचं. आकडा जुळला नाही तर अटीचा भंग म्हणून त्याच कार्यालयात, त्याच प्रकरण क्रमांकावर अर्ज करायचा.